पेगी ॲशक्रॉफ्ट: काय पाहावं, कोणत्या क्रमाने आणि कशाकडे लक्ष ठेवून

नाट्यशिक्षण घेणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. विसाव्या शतकातल्या इंग्लिश रंगभूमीबद्दल वाचताना पेगी ॲशक्रॉफ्ट या नटीचं नाव गिलगुड, ऑलिव्हिए, रिचर्डसन या थोर नटांच्या रांगेत येतं. पण शोधायला गेलं की हाती लागते ती 'अ पॅसेज टु इंडिया' (1984) या चित्रपटातली म्हातारी मिसेस मूर. मग तिला एवढं का मानतात? आणि आज तिच्याकडून काही शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

पहिल्यांदा अडचण समजून घ्या. ॲशक्रॉफ्टचा जन्म 22 डिसेंबर 1907 चा, क्रॉयडनचा. व्यावसायिक रंगमंचावर ती 1926 मध्ये आली आणि 1982 पर्यंत उभी राहिली. मिसेस मूरसाठी ऑस्कर मिळालं तेव्हा ती 77 वर्षांची होती. म्हणजे तुम्ही पाहिली ती भैरवी. आधीच्या मैफिलीची ध्वनिफीत जवळपास नाही. 1941 ते 1959 या काळात, म्हणजे ऐन भरात असताना, तिने चित्रपटात काम केलंच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून तिचा अभ्यास दोन बाजूंनी करावा लागतो: जे चित्रित झालंय ते नीट क्रमाने पाहायचं आणि जे झालेलं नाही त्याच्या संहिता हातात घेऊन तिच्यापुढे कोणता प्रश्न होता ते सोडवून पाहायचं.

क्रमात मिसेस मूर शेवटी ठेवा. पहिली पाहा ती 1935 ची 'द थर्टी-नाइन स्टेप्स'. हिचकॉकचा चित्रपट, ॲशक्रॉफ्ट 27 वर्षांची, भूमिका स्कॉटलंडमधल्या एका कर्मठ शेतकऱ्याच्या बायकोची आणि तीही काही मिनिटांचीच. खुनाचा आळ आलेला नायक रात्रीपुरता आसरा मागतो. जेवणाच्या टेबलावर नवरा डोळे मिटून प्रार्थना म्हणतोय, नायकाची नजर वर्तमानपत्रावर आहे, तिला ती बातमी दिसते, ती नायकाकडे पाहते. नवऱ्याला या नजरा कळतात, पण अर्थ भलताच लागतो.

हा प्रसंग तीनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद करून, फक्त तिचे डोळे कुठून कुठे जातात ते कागदावर लिहीत. दुसऱ्यांदा चित्र झाकून, नुसतं ऐकत: शहरातल्या बायकांबद्दल ती विचारते तेव्हा कुतूहल आणि खंत एकाच वाक्यात कशी बसलीय ते कळेल. तिसऱ्यांदा नीट, पण लक्ष फक्त ती बोलत नसतानाच्या क्षणांवर. बहुतेक विद्यार्थी तिसरी फेरी गाळतात. खरं काम तिथेच आहे. ॲशक्रॉफ्टचा चेहरा समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहत थांबत नाही. वाक्याच्या मध्यावर, ज्या शब्दाने तिला काही कळतं त्या शब्दावर बदलतो. आपल्याकडे तालमीत 'रिॲक्शन दे' अशी सूचना होते आणि नट वाक्य संपल्यावर रिॲक्शन 'देतो'. ती उशिरा पोचते, म्हणून खोटी दिसते.

ही ऐकण्याची सवय कुठून आली याचं एक उत्तर 1935 मध्येच सापडतं. लंडनच्या न्यू थिएटरमधला तो प्रसिद्ध 'रोमिओ अँड ज्युलिएट'. दिग्दर्शक गिलगुड, ज्युलिएट ॲशक्रॉफ्ट, दाई ईडिथ इव्हान्स. रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका ऑलिव्हिए आणि गिलगुड यांनी आलटून-पालटून केल्या. अनेक ठिकाणी 'एका रात्री हा, दुसऱ्या रात्री तो' असं लिहिलेलं आढळतं, ते चूक आहे. आधी काही आठवडे ऑलिव्हिए रोमिओ होता, मग अदलाबदल झाली. एकूण 186 प्रयोग झाले. गिलगुडचा रोमिओ काव्याच्या सुरावर चालणारा, ऑलिव्हिएचा अंगाने तापलेला, आणि त्याच्या पद्याच्या शब्दफेकीवर समीक्षकांनी टीकाही केली. आता ज्युलिएटच्या जागी स्वतःला ठेवा. वाक्यं तीच, जागा त्याच, पण समोरचा माणूस बदलला. घरी बसवलेल्या सुरावर बोलणारी नटी अशा वेळी उघडी पडते. समोरून येईल त्यावर बोलणारी दोघांबरोबर टिकते, आणि ॲशक्रॉफ्ट टिकली.

ज्युलिएट तिने त्याआधी 1932 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या नाट्यसंस्थेबरोबर केली होती, तेही गिलगुडच्या दिग्दर्शनात. त्या संचात एका फुटकळ भूमिकेत टेरेन्स रॅटिगन नावाचा विद्यार्थी होता. त्याचंच 'द डीप ब्लू सी' तिने वीस वर्षांनी, 1952 मध्ये, डचेस थिएटरमध्ये केलं.

त्याही आधीची, 1930 ची डेस्डिमोना विसरू नका. सॅव्हॉय थिएटर, ऑथेल्लोच्या भूमिकेत पॉल रोबसन. इंग्लिश व्यावसायिक रंगभूमीवर तेव्हा काळ्या नटाने ऑथेल्लो करणं आणि गोऱ्या नटीने त्याच्या मिठीत जाणं ही साधी गोष्ट नव्हती. तिला धमकीची, शिवीगाळीची पत्रं आली. एमिलिया होती सिबिल थॉर्नडाइक, रॉडरिगो होता राल्फ रिचर्डसन. नेपथ्य बोजड होतं, प्रकाश अपुरा होता, प्रयोग म्हणून तक्रारी पुष्कळ झाल्या. (रोबसनची 1943 ची न्यूयॉर्कची डेस्डिमोना वेगळी, ती ऊटा हागेन. या दोन निर्मितींची सरमिसळ नेहमी होते.) ऑथेल्लो मराठीत 'झुंजारराव' होऊन देवलांच्या हातून कधीचा आलाय, तेव्हा संहिता तुमच्या ओळखीची असेल. डेस्डिमोनाची विलो-गीताची रात्र, म्हणजे मरणाआधी ती विलोच्या झाडाचं दुःखी गाणं म्हणते तो प्रवेश, काढा आणि एकच काम करा: तिला पुढचं मरण माहीत नाही असं धरून वाचा. बहुतेक नट्या त्या प्रसंगात आधीच रडायला लागतात. मग शेवटच्या अंकाला काही उरत नाही.

आता पद्याकडे येऊ, कारण शेक्सपिअर बोलण्याच्या बाबतीत तिचं नाव कायम निघतं. ती एल्सी फोगर्टीच्या सेंट्रल स्कूलमध्ये शिकली. शाळा तेव्हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरायची आणि भर आवाजावर, उच्चारावर होता. शेक्सपिअरच्या पद्याच्या ओळीत साधारण दहा अक्षरं, पाच जोर, आणि जोर दर दुसऱ्या अक्षरावर. मराठी बोलणाऱ्याची पंचाईत इथे होते. आपल्या भाषेत जवळपास प्रत्येक अक्षराला आपला वेळ मिळतो. इंग्रजीत जोर नसलेलं अक्षर गिळलं जातं. आपला विद्यार्थी दहाही अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो आणि ओळ पाढ्यासारखी ऐकू येते. दुसरी चूक याच्या उलट: 'नैसर्गिक' वाटावं म्हणून प्रत्येक स्वल्पविरामावर थांबायचं. मग ओळीचा ठेकाच मोडतो आणि अर्थही तुकड्यांत पडतो.

यावर उपाय असा. पंधरा दिवस रोज वीस मिनिटं घ्या, एका वेळी चौदा ओळींपेक्षा जास्त नको. पहिले पाच दिवस फक्त ठेका, टेबलावर बोटाने, अर्थाकडे न पाहता. ओळ ठेक्यात बसत नसेल तर ती चूक नसते, खूण असते. ज्युलिएट रात्रीची वाट पाहते त्या स्वगताची पहिलीच ओळ उलट्या ठेक्याने उघडते, जोर पहिल्या अक्षरावर. तिची घाई तिथेच लिहून ठेवलीय, वेगळी 'घाई' करायची गरज नाही. पुढचे पाच दिवस श्वास फक्त ओळीच्या शेवटी, मध्ये कुठेही नाही. शेवटचे पाच दिवस ठेका विसरून विचार पोचवायचा. गडकऱ्यांच्या पल्लेदार वाक्यांवर तयार झालेल्या नटाला हे लवकर जमतं, कारण वाक्याच्या टोकापर्यंत श्वास आणि अर्थ दोन्ही नेण्याची सवय त्याला असते. त्याला फक्त जोर आवरायला शिकावं लागतं.

याचं चित्रित उदाहरण आपल्या हातात आहे आणि माझ्या मते ॲशक्रॉफ्टचं उपलब्ध काम पाहायचं तर सर्वात महत्त्वाचं तेच: 'द वॉर्स ऑफ द रोझेस'. शेक्सपिअरच्या गावचं, स्ट्रॅटफर्डचं थिएटर, 1963. शेक्सपिअरचे 'हेन्री सहावा'चे तीन भाग आणि 'तिसरा रिचर्ड' मिळून जॉन बार्टनने तीन नाटकं बांधली. मूळच्या बारा हजारांवर ओळींतून साधारण निम्म्या ठेवल्या आणि सांधे जुळवायला हजारावर ओळी स्वतः शेक्सपिअरच्या वळणाने रचल्या. दिग्दर्शन पीटर हॉल आणि बार्टन, नेपथ्य जॉन बरीचं, लोखंडी. डेव्हिड वॉर्नर हेन्री, डोनाल्ड सिंडन यॉर्क, इयन होम रिचर्ड. ॲशक्रॉफ्ट होती हेन्रीची राणी, आंजूची मार्गारेट, आणि भूमिका करताना तिचं वय होतं 55-56.

अवघड काय ते पाहा. मार्गारेट पहिल्यांदा येते ती फ्रान्समधली तरुण राजकन्या म्हणून. मग इंग्लंडची राणी, प्रेयसी, सैन्य चालवणारी, मुलगा डोळ्यांदेखत मारला गेलेली आई, आणि शेवटी दरबारात शाप देत फिरणारी म्हातारी. काही दिवशी तिन्ही नाटकं सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक झाली, म्हणजे एका दिवसात अख्खं आयुष्य. रंगभूषेने हे सुटत नाही. ॲशक्रॉफ्टने तिला बोलण्यात फ्रेंच वळणाचा 'र' दिला. लहानसं हत्यार, पण उपयोग दुहेरी: ही बाई या देशात परकी आहे हे प्रेक्षक कधी विसरत नाही, आणि वय बदललं तरी माणूस तोच हे कानाला कळत राहतं.

वय वाढवताना नट पहिल्यांदा पाठ वाकवतात. तो क्रम उलटा आहे. आधी बोलण्याचा वेग ठरवा: तरुणपणी विचार आणि शब्द एकदम येतात, पुढे विचार आधी येतो आणि शब्द निवडून. मग श्वास: किती शब्दांनंतर घ्यावा लागतो. मग शरीराचं वजन कुठल्या पायावर, आणि वळताना आधी काय वळतं, डोळे की खांदा. पाठ सर्वात शेवटी, तीही गरज पडली तर. 'वॉर्स'च्या तीन भागांतून मार्गारेटचा एकेक प्रवेश निवडून सलग पाहिलात की हा क्रम तपासता येईल.

हेन्रीच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या यॉर्कला पकडून उभा करतात तो प्रसंग वेगळा काढा. मार्गारेट त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवते आणि त्याच्या मारलेल्या पोराच्या रक्तात भिजलेलं फडकं अश्रू पुसायला त्याच्या हाती देते. नवख्या नट्या इथे क्रौर्य खेळतात, पहिल्या ओळीपासून दात-ओठ खात. मग वीस ओळींत वर जायला जागा उरत नाही. संहिता सांगते ती चेष्टा आहे, मौज आहे. मौजेनेच करा, क्रौर्य आपोआप दिसतं. आणि मार्गारेटचं भाषण संपल्यावर यॉर्क बोलत असताना तिच्याकडे पाहायला विसरू नका.

बीबीसीने हे नाटक थिएटरमध्येच चित्रित करून 1965 मध्ये दाखवलं आणि 2016 मध्ये त्याची डीव्हीडी निघाली. काळं-पांढरं आहे, आवाजाची पातळी थिएटरची आहे, सुरुवातीला कानाला मोठी वाटते. अर्धा तास सोसा, मग सवय होते.

दुसरं चित्रित नाटक चेखवचं 'द चेरी ऑर्चर्ड'. 1961 ची निर्मिती, दिग्दर्शक मिशेल सँ-देनी, बीबीसीवर 1962 मध्ये. ॲशक्रॉफ्ट रानेव्स्काया, गिलगुड तिचा भाऊ गाएव, डोरोथी ट्यूटिन वार्या, आणि धाकट्या आन्याच्या भूमिकेत पुढे जगभर नाव झालेली ज्युडी डेंच. सँ-देनीबरोबर तिने 1938 मध्ये 'थ्री सिस्टर्स'ही केलं होतं, गिलगुडने क्वीन्स थिएटरमध्ये चालवलेल्या चार नाटकांच्या हंगामात. वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, तीन-चार आठवडे तालीम ही रीत असताना सँ-देनीने जवळपास दुप्पट वेळ घेतला. चेखव कमी तालमीत का फसतो ते कुणीही केलेल्या 'ऑर्चर्ड'मध्ये दिसेल: प्रत्येक पात्र आपलं दुःख प्रेक्षकांना सांगतं आणि एकमेकांशी कुणी बोलत नाही. लिहिलेलं आहे नेमकं उलट. माणसं एकमेकांशी बोलतायत, फक्त ऐकत नाहीत. हे साधायला सगळ्या संचाला एकमेकांचे श्वास माहीत असावे लागतात, आणि तीन आठवड्यांत ते होत नाही.

कायमच्या संचाचा हा आग्रह तिने आयुष्यभर धरला. पीटर हॉलने 1960 मध्ये स्ट्रॅटफर्ड हाती घेऊन दीर्घ करारावरचा संच बांधायचं ठरवलं (1961 पासून हीच रॉयल शेक्सपिअर कंपनी), तेव्हा नाव झालेल्यांपैकी सर्वात आधी सोबत आली ती ॲशक्रॉफ्ट. वेस्ट एंडमध्ये तिला जास्त पैसे मिळाले असते. 1968 मध्ये ती कंपनीच्या संचालकांत आली.

फसलेलंही सांगायला हवं. 1953 ची क्लिओपात्रा, मायकेल रेडग्रेव्हच्या अँटनीसमोर. पिढ्यान्पिढ्यांची सावळी, मादक राणी तिने नाकारली. क्लिओपात्रा वंशाने मॅसेडोनियन ग्रीक, म्हणून गोरी, डोक्यावर लाल केसांचा टोप. इतिहास तिच्या बाजूने होता, सगळे समीक्षक नव्हते. ही भूमिका तिची नव्हे, हा आक्षेप तिला शेवटपर्यंत ऐकावा लागला. 1960 मध्ये बावन्नाव्या वर्षी ती 'द टेमिंग ऑफ द श्रू'ची कॅथरिना झाली, समोर पीटर ओ'टूल, तिच्याहून जवळपास पंचवीस वर्षांनी लहान. ते मात्र चाललं. कारण उघड आहे: कॅथरिना समोरच्यावर जगते, क्लिओपात्राला मंचावर येताक्षणी सगळ्यांचे डोळे स्वतःकडे खेचावे लागतात. ॲशक्रॉफ्टची ताकद पहिल्या प्रकारची होती.

बेकेटच्या 'हॅपी डेज'ची विनी तिने 1975 मध्ये नॅशनल थिएटरसाठी केली. पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत, दुसऱ्यात मानेपर्यंत. हाताशी पिशवी, ब्रश, आरसा, छत्री, पिस्तूल. पाठांतराचा हा सर्वात वाईट सापळा, कारण वाक्यं तुटक आहेत आणि दोन तुकड्यांमध्ये लेखकाने नेमकी कृती लिहिलीय. शब्द आधी पाठ करून मग वस्तू हातात घेतल्या की सगळं कोसळतं. पहिल्या दिवसापासून शब्द आणि वस्तू एकत्रच बसवा, पानभर रोज, त्याहून जास्त नाही.

आता कॅमेरा. 1984 या एका वर्षात तिच्या दोन इंग्रज म्हाताऱ्या लोकांसमोर आल्या, दोघीही भारतात येऊन मोडलेल्या, आणि त्यांची गल्लत होते. ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या चौदा भागांच्या 'द ज्युएल इन द क्राउन' या मालिकेत ती निवृत्त मिशनरी शिक्षिका बार्बी बॅचलर आहे. बार्बी सतत बोलते. बडबडीखाली भीती आहे: आयुष्यभर ज्या देवाचं काम केलं तो ऐकतोय का? पुढे टांग्याच्या अपघातानंतर तिचा आवाज जातो. म्हणजे नटीला आधी शब्दांचा पूर आणि मग शून्य. इथे बडबड विनोदी करण्याचा मोह होतो; ॲशक्रॉफ्ट वाक्याच्या मध्येच स्वतःचं ऐकते, क्षणभर घाबरते आणि पुन्हा बोलू लागते. एक भाग निवडा आणि असे क्षण मोजा. या भूमिकेला तिला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. याच मालिकेत झोहरा सेहगल लेडी चॅटर्जी आहेत.

त्यानंतरच मिसेस मूर पाहा. दिग्दर्शक डेव्हिड लीन ॲशक्रॉफ्टहून तीनच महिन्यांनी लहान. मशिदीतला प्रसंग, डॉक्टर अझीझ म्हणजे व्हिक्टर बॅनर्जी, आणि मग गुहा. गुहांचं चित्रण कर्नाटकातल्या सावनदुर्ग परिसरातलं. बार्बी शब्दांनी भरलेली, मिसेस मूर जवळपास रिकामी होत जाणारी. मशिदीत ती ऐकते कशी आणि गुहेनंतर ऐकणं बंद कसं होतं, एवढंच पाहायचं. भारतात ती याआधीही काम करून गेली होती: मर्चंट-आयव्हरींचा जोधपूरमध्ये चित्रित झालेला 1978 चा 'हलाबलू ओव्हर जॉर्जी अँड बॉनीज पिक्चर्स', सोबत अपर्णा सेन आणि बॅनर्जीच.

मार्च 1985 मध्ये ऑस्कर जाहीर झालं तेव्हा ती तिथे नव्हती. मायकेल रेडग्रेव्ह नुकताच वारला होता आणि ती त्याच्या अंत्यविधीसाठी लंडनमध्येच थांबली. पुरस्कार अँजेला लॅन्सबरीने घेतला. सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर घेणारी सर्वात वयस्क स्त्री हा तिचा विक्रम अजून मोडलेला नाही.

उरलेल्यांपैकी वेळ असेल तर दोन: 'कॉट ऑन अ ट्रेन' (1980), रात्रीच्या आगगाडीतली हेकट व्हिएन्नावासी बाई, आणि 'शीज बीन अवे' (1989), साठ वर्षं मनोरुग्णालयात डांबलेली लिलियन, जी बराच वेळ बोलतच नाही. व्हेनिसमध्ये या भूमिकेचा पुरस्कार तिला आणि जेराल्डिन जेम्सला विभागून मिळाला. शबाना आझमी असलेला 'मादाम सुझात्स्का' (1988) चांगला आहे, पण ॲशक्रॉफ्टच्या वाट्याला त्यात थोडंच आहे. 'द एअरेस' नावाचा 1949 चा चित्रपट तिचा समजून शोधू नका. त्या वर्षी लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये याच नावाच्या नाटकात नायिका कॅथरीन स्लोपर झाली ती ॲशक्रॉफ्ट. पडद्यावर दिसते ती ऑलिव्हिया द हॅव्हिलंड.